न पडलेल्या थंडीची नोंद

मला दुसऱ्याचा हेवा वाटायला मोठं कारण लागत नाही. शेजारच्या शेवग्याला आमच्यापेक्षा चार शेंगा जास्त लागल्या, तरी मला घास गोड लागत नाही. बायको हयातभर म्हणत आली, की तुमच्या पत्रिकेत मंगळाच्या जागी शेजारी बसलाय. असेल. पण जन्मात ज्यांचा ज्यांचा हेवा केला त्यांची यादी काढायची म्हटलं, तर पहिलं नाव अण्णांचं निघेल. आणि अण्णांजवळ हेवा करावा असं काही म्हणजे काहीही नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत मी नक्कल कारकून होतो आणि अण्णा आवक-जावकच्या टेबलावर. मी मॅट्रिक पहिल्या फटक्यात पास झालेला, इंग्रजीत शाळेत पहिला. अक्षर असं, की कलेक्टरसाहेबांकडे जायचा कागद मामलेदार माझ्याच हातून लिहवून घेत. अण्णा मॅट्रिकला दोनदा बसले आणि दोनदा उठले. उंची बेताची, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली, काळ्या कोटाच्या कोपरांना घासून घासून चकाकी आलेली. घरी नवराबायको दोघंच, मूलबाळ नाही. त्यांचे वडील मिशनच्या बंगल्यात माळी होते. बंगल्यातले पाद्रीसाहेब विलायतेला परत गेले, बंगला पडला, आणि त्याच्या मागच्या दोन खोल्यांत अण्णा राहत.

सकाळी कचेरीत शिरले की ते प्रत्येकाला सलाम करत, आणि सलामाला जोडून एक आकडा सांगत. "सलाम, आज त्रेपन्न." बस्स, एवढंच. पहाटे सूर्य उगवण्याआधी पारा किती अंशांवर होता, तो हा आकडा. तेव्हा फॅरनहाइटचं माप होतं, त्रेपन्न म्हणजे हल्लीचे बारा अंश. शिपायापासून मामलेदारापर्यंत सगळ्यांना तो आकडा मिळे आणि सगळ्यांना तो हवा असे. एखाद्या दिवशी अण्णा आतल्या खोलीत अडकले, तर मामलेदारसाहेब फायलीतून मान वर करून विचारत, "आज किती?" मी त्याच साहेबांना रोज दहा पानं मोत्यासारखी लिहून देत होतो. त्यांनी मान वर करून मला कधी काही विचारलं नाही.

घरीही तेच. माझं नवीन लग्न झालेलं. बायको डबा हातात घेताना विचारायची, "अण्णा काय म्हणाले? ऊन तापणार असेल तर उद्या पापड घालते." मी मुद्दाम म्हणायचो, की मला काय ठाऊक. मग ती विहिरीवर दुसऱ्या बायकांना विचारून यायची आणि अण्णांच्या शब्दावर पापड घालायची. ते वाळायचेही कडकडीत. त्या पापडांचासुद्धा मला राग यायचा.

पाऱ्याची नळी पाद्रीसाहेबांची होती. बंगल्याच्या मागे, उघड्यावर, चार पायांची एक पांढरी लाकडी पेटी होती. तिला चारी बाजूंनी फटीफटींची दारं, म्हणजे वारा आत जावा आणि ऊन जाऊ नये. त्या पेटीत ती नळी. साहेबांनी गावात आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पहाटेचा आकडा वहीत लिहायला सुरुवात केली होती. परत जाताना वह्या आणि नळी त्यांनी माळ्याच्या हवाली केली. माळ्याला अक्षरओळख नव्हती, पण साहेबांनी आकडे तेवढे शिकवले होते. वडील गेल्यावर अण्णा लिहू लागले. चाळीसहून अधिक वर्षांच्या वह्या, तीन हातांच्या, आणि मध्ये एकही दिवस गळालेला नाही. माळी वारला त्या दिवसाचाही आकडा आहे. तो अण्णांच्या हातचा पहिला.

गावातल्या बायकांना ती पेटी म्हणजे ख्रिस्ती लोकांचा देव्हारा वाटायची. पोराला ताप आला की कोणी ना कोणी येऊन तिला हळदकुंकू लावून जाई. पोरांच्या तापाशी पाऱ्याचं नातं आहे, एवढं त्यांनी डॉक्टरकडे पाहिलेलं होतं. अण्णा सकाळी ओल्या फडक्यानं कुंकू पुसत आणि बायांना सांगत, "लावा बाई कुक्कू, पन दार तेवढं उघडू नका. आतलं बिघडतं." नारळ ठेवलेला असला तर तो ज्याचा त्याला परत नेऊन देत.

आता त्यांचं खूळ सांगतो. पृथ्वी तापत चालली आहे, असं अण्णांचं म्हणणं होतं. म्हणणं म्हणजे काय, वह्याच होत्या. पाद्रीसाहेबांच्या वहीतल्या पौषातल्या पहाटा आणि अण्णांच्या वहीतल्या पौषातल्या पहाटा शेजारी शेजारी मांडल्या, तर हल्लीच्या उबदार निघत. एखादं साल उलटं जाई, पण दहा-दहा वर्षांचे गठ्ठे करून पाहिलं की पारा वरच चढत होता. साहेबांच्या जुन्या कपाटात विलायती मासिकं होती. त्यांतल्या एकात त्यांनी वाचलं होतं, की कोळशाच्या धुरात एक वायू असतो आणि तो उन्हाची ऊब जमिनीवरून परत जाऊ देत नाही. तेव्हापासून अण्णांना धूर दिसला की ते उभे राहून बघत. दौंडकडून नगरकडे जाणारी गाडी, नगरच्या छावणीकडे निघालेल्या लष्कराच्या मोटारी, साखर कारखान्याची चिमणी, काहीही.

एकदा चहाच्या वेळी मामलेदारसाहेबांनीच त्यांना छेडलं. म्हणाले, एवढंसं इंजिन आणि एवढं मोठं आभाळ, धूर जातो वर आणि संपतो.

"वर म्हंजे कुठं, सायेब?" अण्णांनी विचारलं. "वर काय भोक न्हाई. झोपलेल्या मानसावर गोधडीवर गोधडी घालत गेलं तर त्याचं काय व्हईल?"

कोणीतरी म्हणालं, मग चुलीही बंद करायच्या का? अण्णांचं उत्तर तयार होतं. चुलीचा धूर दुसरं झाड वाढताना परत गिळतं. कोळसा म्हणजे लाखो वर्षांपूर्वी मेलेली झाडं, त्यांचा धूर गिळायला कोणी उरलेलं नाही. पुढे काय काय होईल, हे ते बाजारभाव सांगावेत इतक्या साधेपणानं सांगत. पाऊस येईल, पण वेळ चुकवून येईल आणि चार महिन्यांचा चार दिवसांत पडून जाईल. गव्हाला थंडी मिळणार नाही, दाणा बारीक पडेल. आंब्याचा मोहोर उन्हानं गळेल. गारा नको त्या महिन्यात पडतील. बर्फाचे डोंगर वितळून समुद्र वर चढेल. यावर आमचा शिपाई पोट धरून हसला आणि म्हणाला, मग काय, आपल्या तालुक्यात बंदर होणार म्हणायचं. अण्णा हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "हितवर समुद्र न्हाई यायचा. समुद्राकाठची मानसं येतील."

हे सगळं कधी होणार, असं विचारलं की ते सांगत, आपल्या हयातीत नाही, नातवा-पणतवांच्या. ते ऐकलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि चहा पुन्हा गोड लागायचा. ज्याला पोर नाही तो दुसऱ्याच्या पणतवंडांची काळजी करत बसतो, याचं कोणाला काही वाटत नसे. मला मात्र वाटायचं, आणि तेच खरं माझं दुखणं होतं. मला रोज सकाळी उठून करायला असं काही नव्हतं. माझं अक्षर सुंदर होतं, पण त्या अक्षरात मी जन्मभर दुसऱ्याचेच कागद उतरवणार होतो. या माणसाजवळ एक काचेची नळी होती, आणि तेवढ्यावर तो शंभर वर्षांपुढे बघत होता. कसा नाही होणार जळफळाट?

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कोणी म्हणालं की आज लई गारठा आहे, किंवा यंदा उकडतंय, तर ते म्हणत, "कातडी लबाड असती. पारा लबाड नसतो." हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका दिवाळीनंतर अण्णा माझ्या टेबलाशी आले. पुण्याला हवामानाचं काम बघणारे एक मोठे साहेब होते. त्यांना या वह्यांबद्दल लिहायचं होतं. मजकूर त्यांनी मराठीत केला होता, त्याचं नीट इंग्रजी मी करून द्यावं, असं त्यांचं म्हणणं. मी आढेवेढे घेतले, मग करून दिलं. खोटं कशाला बोलू, मी ते पत्र झकास लिहिलं. दहा-दहा वर्षांचा तक्ता आखून दिला, लाल शाईच्या रेघा मारल्या. माझ्या नोकरीतला तो सर्वांत देखणा कागद होता. खाली सही अण्णांची.

उत्तर यायच्या आधीच अण्णांची बायको विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. तिला नगरला मिशनच्या दवाखान्यात न्यावं लागलं, आणि प्लॅस्टर उतरेपर्यंत अण्णांना तिथंच राहणं भाग होतं. बैलगाडी दारात उभी असताना ते माझ्या घरी आले, पेटीला घातलेल्या नव्या कुलपाची किल्ली आणि वही घेऊन. मी चकितच झालो. गावात त्यांचे भक्त काय कमी होते? शिपाई होता, पोस्टमास्तर होता. त्यांनी आनंदानं केलं असतं. मी तसं म्हणालोही.

"त्यास्नी न्हाई द्यायचं," अण्णा म्हणाले. "जो मला मानतो तो माझ्या मनासारखा आकडा लिहील. तुमी मला मानत न्हाई, भाऊसाहेब. तुमीच खरं लिवाल."

म्हणजे माझा हेवा त्यांना माहीत होता, आणि त्यावरच त्यांनी भरवसा टाकला होता. मला रागही आला आणि बरंही वाटलं.

पहिले नऊ दिवस मी इमानानं लिहिलं. पहाटे कंदील घेऊन जायचो, दार उघडायचो, पाऱ्याच्या टोकाशी डोळा सरळ धरून वाचायचो, जसं त्यांनी दाखवलं होतं तसं. त्या वर्षी थंडी पडायचं नावच नव्हतं. सत्तावन्न, अठ्ठावन्न. पौष लागला तरी पारा खाली येईना. मी सदऱ्यावर जात होतो आणि मला कधी शहारा आला नाही. अण्णांचं म्हणणं खरं होत चाललं होतं, आणि ते मला माझ्याच हातानं रोज वहीत मांडावं लागत होतं.

नवव्या दिवशी पुण्याहून उत्तर आलं. मामलेदारसाहेबांनी अण्णांच्या नावाचा लखोटा सगळ्यांसमक्ष फोडला आणि मोठ्यानं वाचला. पुण्याच्या साहेबांनी लिहिलं होतं, की इतक्या वर्षांची अखंड नोंद या भागात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. या हिवाळ्याचे आकडे जोडून पाठवावेत. निष्कर्ष टिकला, तर वह्या पाहायला आपण स्वतः येऊ. मामलेदारसाहेबांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "बघा. मॅट्रिक नापास माणूस, पण आपल्या कचेरीचं नाव पुण्याला नेलं." पत्राचं इंग्रजी कोणाचं, तक्ता कोणाचा, अक्षर कोणाचं, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. मीच सांगायला हवं होतं म्हणा. पण हेवेखोर माणसाला एक खोड असते, त्याला न मागता मिळायला हवं असतं.

दुसऱ्या दिवशी पारा अठ्ठावन्नावर होता. मी सेहेचाळीस लिहिलं.

एकदा लिहिल्यावर पुढचं सोपं गेलं. रोज तोच आकडा दिसू नये, म्हणून चव्वेचाळीस, पंचेचाळीस, मग पुन्हा चव्वेचाळीस असं झोके देत मी त्या हिवाळ्याला थंड करत गेलो. सोंग पुरतं रंगावं म्हणून एका पहाटे एक्केचाळीस लिहिलं. पारा वाचायला मात्र मी रोज जात होतो, हे विशेष. खरा आकडा बघायचा आणि खोटा लिहायचा. शेवटी शेवटी बायकोनं विचारलं, "इतकी थंडी आहे म्हणता, तर तुम्ही सदऱ्यावर कसे जाता?" मी तिच्यावर खेकसलो. पुढे तिनं कधी विचारलं नाही.

एकोणचाळीस दिवसांनी अण्णा परत आले. गाडीतून उतरून बायकोला आत निजवलं आणि तसेच माझ्याकडे आले. मी वही दिली. ते ओसरीवर बसून एक एक आकडा बोटानं वाचत गेले. एक्केचाळीसवर बोट थांबलं. मला वाटलं, झालं, धरलं मला. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

"मंग मी चुकलो," ते म्हणाले. "भाऊसाहेब, मी चुकलो की हो."

मी याच घटकेची वाट बघत होतो. हा माणूस खाली मान घालून बसेल, आणि मी समजूत काढीन, असं मी शंभर वेळा मनाशी रंगवलं होतं. आणि हा माणूस हसत होता. उठून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, नगरला आपल्याला काही एवढा गारठा वाटला नाही, पण कातडी लबाड असते, आणि बरं झालं देवा, पोराबाळांचं काही वाकडं व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीत गूळ वाटला. प्रत्येकाला थांबवून सांगितलं, की माझं म्हणणं खोटं निघालं. शिपाई म्हणाला, यंदा तर थंडी पडलीच नाही अण्णा. अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ठरलेलं वाक्य ऐकवलं. ज्या माणसानं आपले भक्त आपल्या मनासारखा आकडा लिहितील म्हणून मला वही दिली होती, तो स्वतःच मनासारखा आकडा बघून सगळं विसरला होता.

आणि मला त्या आनंदाचाही हेवा वाटला, हे कबूल करतो. आपण चाळीस वर्षांचे खोटे ठरलो, याचा आनंद मला कधी झाला नसता.

पुण्याच्या साहेबांना दुसरं पत्र गेलं. इंग्रजी पुन्हा माझंच. "या हिवाळ्याच्या आकड्यांवरून माझा निष्कर्ष चुकीचा असल्याचे दिसते. आपण येण्याची तसदी घेऊ नये." हे वाक्य मी स्वच्छ, गोल अक्षरात लिहिलं आणि कागद सहीसाठी अण्णांपुढे सरकवला.

त्याच सुमारास अण्णांच्या बायकोनं मला एक लोकरी मफलर पाठवला. लढाईत लोकर मिळेना, म्हणून पाद्रीसाहेबांच्या मडमेनं कधीकाळी दिलेला स्वेटर उसवून तिनं तो दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या विणला होता. आमच्यासाठी ते भल्या पहाटे थंडीत उठतात बिचारे, असा निरोप होता. गर्द निळा मफलर. आता तो गळ्यात घालणं आलं. नाही घातला तर विचारतील, थंडी कुठं गेली? उकाड्यात मी तो मफलर गुंडाळून कचेरीत बसत होतो आणि मानेवरून घामाच्या धारा लागत होत्या.

शनिवारी अण्णा मला काष्टीच्या बाजाराला घेऊन गेले. बायकोला चालती करायची होती, तिच्यासाठी काहीबाही घ्यायचं होतं. स्वारी रंगात होती. पानाच्या ओळीत एक बाई विड्याची पानं मांडून बसली होती. पानमळा त्यांचा घरचाच होता. अण्णांना पान खायची सवय नव्हती, पण आनंदानं माणूस काहीही खातो. ते उकिडवे बसले आणि थंडीनं तुमचा मळा करपला असेल नाही, असं त्यांनी कळवळून विचारलं.

बाईनं त्यांच्याकडे बघितलं. "कशाची थंडी वो? औंदा घोंगडं पेटीतनं काडलं न्हाई. पान बगा की, कसं हिरवंगार हाय. थंडी पडली असती तर काळं पडून गळालं असतं समदं, वेल सुदिक हाती लागला नसता." मग तिची नजर माझ्या मफलरवर गेली. "ह्या भाऊसायबास्नीच तेवडी वाजतीया जनू."

आजूबाजूच्या बाया हसल्या. अण्णा हसले नाहीत. त्यांनी ढिगातलं एक पान उचललं, तळहातावर ठेवलं, उलटं करून शिरा बघितल्या. तळव्याएवढं, तुकतुकीत, एक काळा ठिपका नाही. एक्केचाळीस अंशांत पानवेलीचं एक पान जागेवर राहत नाही, हे माळ्याच्या पोराला सांगायला नको होतं. मला मात्र ते ठाऊक नव्हतं. मी आकडे रचले होते. आकड्याच्या खाली मळे असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. फार दमलेला माणूस पाहतो तसं पाहिलं. पान कोटाच्या खिशात ठेवलं आणि उठले. वाटेत ते पुढे आणि मी मागे, असे चाललो. कबूल करणं सोपं होतं, अडीच कोसांची वाट होती. पण कबूल केलं असतं, तर का केलं ते सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा मला चोर ठरणं परवडलं.

त्यानंतर अण्णांनी मला काही विचारलं नाही, कोणाला काही सांगितलं नाही. पहाटेचा आकडा सुरूच होता. सकाळी ते कचेरीत शिरत, शिपायाला म्हणत, "सलाम, आज चौसष्ट." पोस्टमास्तर आला असला तर त्याला तेच, मामलेदारसाहेबांना तेच. माझ्या टेबलाशी आले की "सलाम" म्हणत आणि पुढे जात. आकडा नाही. पुढची पाच वर्षं, माझी बदली होईपर्यंत, त्यांनी मला एकदाही आकडा सांगितला नाही. दुसऱ्यांना सांगितलेला मला ऐकू यायचा. पण मला सांगितलेला नव्हता, एवढ्यानं मी रोज सकाळी आतून सोलला जायचो.

पुण्याचे साहेब आले नाहीत. पुढे त्या वह्या कोणी पाहिल्या नाहीत. गावातही अण्णा आपल्या तोंडानं आपण चुकलो म्हणाले होते, ते लोकांच्या चांगलं लक्षात राहिलं. नंतर पृथ्वी तापतेच आहे असं त्यांनी कितीही सांगितलं, तरी लोक हसून म्हणत, अण्णा, तुम्हीच तर गूळ वाटला होता.

स्वराज्य आल्यावर दोनेक वर्षांनी ते वारले. मी तेव्हा नगरला होतो. एके दिवशी दुपारी त्यांची बायको काठी टेकत टेकत माझ्या दारात आली, मागे हमालाच्या डोक्यावर वह्यांचा गठ्ठा आणि कापसात गुंडाळलेली नळी. ती पाणी प्यायली आणि एवढंच म्हणाली, "त्येंनी सांगून ठिवलंय, तुमालाच द्यायचं." आत खुंटीवर निळा मफलर टांगलेला होता. तो तिला दिसला. तिनं विचारलं, ऊब देतो का अजून? मी हो म्हणालो.

ती गेल्यावर मी ती वही शोधून काढली. पानावर माझे आकडे जसेच्या तसे होते. एकावरही काट मारलेली नव्हती. त्या पानात मोडक्या इंग्रजीतल्या एका पत्राची नक्कल घडी करून ठेवलेली. पुण्याच्या साहेबांना पाठवलेलं तिसरं पत्र, जे त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं नव्हतं. "या एकोणचाळीस दिवसांत मी गावात नव्हतो. या दिवसांचे आकडे धरू नयेत. चूक माझी आहे." माझं नाव कुठेही नव्हतं. एक्केचाळीसच्या शेजारी विड्याचं पान डकवलेलं, वाळून तपकिरी झालेलं. आणि खाली, अण्णांच्या तिरक्या अक्षरात एक ओळ होती.

"हे आकडे खरे असते तर फार बरं झालं असतं."

मी त्या ओळीत माझ्यावरचा राग शोधला. अजूनही अधूनमधून वही उघडून शोधतो, सापडला तर मला जरा हलकं वाटेल. सापडत नाही. त्या माणसाला तेव्हाही माझी पडलेली नव्हती. त्याला पडली होती ती न जन्मलेल्या पोरांची, आणि त्यांतली काही माझीच निघाली.

आता नव्वदी उलटली आहे आणि मी नगरच्या सावेडीत मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. नळी गॅलरीत, उत्तरेच्या बाजूला, ऊन लागणार नाही अशी टांगली आहे. नातसून म्हणते, आजोबा, हे मोबाईलवर दिसतं की. दिसत असेल. मी पहाटे उठतो, डोळा पाऱ्याच्या टोकाशी सरळ धरतो आणि लिहितो. वह्यांत आता चौथा हात आहे. माझं अक्षर पहिल्यासारखं राहिलेलं नाही.

पौष चालू आहे. घरात रात्रभर पंखा होता. आज पहाटे पारा पासष्टावर होता. मी बराच वेळ पेन हातात धरून उभा राहिलो. मग पासष्टच लिहिलं.